कुंभार्ली घाटाचा सारथी

बाणेरच्या टेकडीखाली वेगवती मोटर्सची सारथ्य-प्रयोगशाळा आहे. तिथं डॉ. शबाना मुजावर यांच्या टेबलासमोर हेमंतराव खानविलकर अर्ध्या तासापासून ठाण मांडून बसले होते, आणि त्यांचं मागणं एकच होतं.

"कुंभार्ली घाटात तुमची गाडी चालवतो तो माणूस कोण, तेवढं सांगा. मग मी जातो."

"माणूस नाही चालवत, खानविलकरसाहेब. ठसा चालवतो."

"ठसा कुणाचा तरी असेलच ना?"

हेमंतराव चिपळूणचे. रेल्वेत सिग्नल इंजिनिअर म्हणून उभी नोकरी काढलेली, त्यामुळे अर्धवट उत्तर त्यांना पचत नसे. बारा वर्षं ते वेगवतीचे परमभक्त होते. चिपळुणातली वेगवतीची पहिली गाडी त्यांची. लग्नकार्यात कुणी दुसऱ्या कंपनीचं नाव काढलं, तर समोरचं ताट तसंच ठेवून ते वाद घालत. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं जुन्या-नव्या सगळ्या गाड्यांना स्वयंसारथ्य बहाल केलं, तेव्हा सोसायटीत पेढे वाटले ते त्यांनीच.

पेढ्यांची गोडी आठवडाभरही टिकली नाही. त्यांच्या पत्नीला, वृषालीताईंना, घाटात गाडी लागायची. लिंबू, आवळासुपारी, प्लॅस्टिकची पिशवी असा सगळा सरंजाम घेतल्याशिवाय त्या कराडला बहिणीकडे निघत नसत. स्वयंसारथ्याच्या पहिल्या प्रवासात मात्र, कराडहून परतताना, कुंभार्ली घाटाच्या उतारावर त्या चक्क झोपल्या. घरी उतरल्यावर म्हणाल्या, "हा जो कोणी आहे ना, त्याला शेजारी बसलेल्या माणसाची काळजी आहे हो."

हेमंतरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. एवढी वर्षं आपण गाडी चालवली, तेव्हा ही बाई पिशवीत तोंड घालून बसायची. आणि कुणा परक्याच्या हाती गाडी गेली, तर हिला डुलकी लागते. महिन्याभरात त्यांनी वेगवती विकून टाकली आणि शतपथ कंपनीची गाडी घेतली. शतपथची गाडी आपली आपणच चालवावी लागते, आणि त्यांच्या लेखी तोच तिचा सर्वात मोठा गुण होता. ज्या तोंडानं वेगवतीचे गोडवे गायले, त्याच तोंडानं ते आता तिला नावं ठेवू लागले. वृषालीताईंची पिशवी पुन्हा बाहेर आली. मग गेल्या महिन्यात त्या शेजारच्या शिर्के मंडळींबरोबर त्यांच्या वेगवतीतून कराडला जाऊन आल्या आणि दारातच म्हणाल्या, "येताना काय छान झोप लागली." त्या दिवशी हेमंतराव जेवले नाहीत.

"तुम्ही इंजिनिअर आहात, म्हणून उघड सांगते," डॉ. मुजावर म्हणाल्या. "आधी आम्ही हजार चालकांची सरासरी काढली. ती कुणालाच मानवेना. एक जण वळणाच्या आधी वेग कमी करतो, दुसरा वळणात शिरल्यावर. दोघांची सरासरी काढली, की गाडी दोन्हीकडे चुकते."

"चुकणारच. एक सिग्नल लाल आणि एक हिरवा असेल, तर सरासरी पिवळा धरून आम्ही गाडी सोडत नाही."

"म्हणून प्रत्येक रस्त्यासाठी एकाच माणसाचा, एकाच दिवसाचा प्रवास निवडला. डाव्या आसनातले संवेदक शेजारच्या माणसाचं अंग किती आखडतं ते मोजतात. ज्या प्रवासात ते सर्वात कमी आखडलं, तो त्या रस्त्याचा सारथ्य-ठसा. कुंभार्लीच्या उताराचे आम्ही चाळीस हजार प्रवास तपासले. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जमीन-अस्मानाचा फरक आहे."

"म्हणजे पट्टीचा चालक असणार." हेमंतरावांचा आवाज जरा चिरकलाच.

"असेलच असं नाही. त्या दिवशी तो तसा चालवत होता, एवढंच आम्हाला ठाऊक. नाव मलाही दिसत नाही. ठशाला मालकाच्या अंगठ्याचं कुलूप असतं, आणि ते दुसऱ्या कुणी उघडणं हा गुन्हा आहे."

हेमंतरावांनी खिशातून घडी केलेला अर्ज काढला. कंपनी सोडून जाणाऱ्या ग्राहकाला विस्मरण-हक्क असतो. त्याच्या गाडीकडून कंपनी जे जे शिकली, ते सगळं त्याला पुसून घेता येतं.

"नाव सांगत नाही ना? मग माझी बारा वर्षं पुसून टाका. तुमच्या त्या सारथ्याला माझ्याकडून शिकलेलं काही मिळता कामा नये."

डॉ. मुजावरांनी काचेची पाटी पुढे केली. हेमंतरावांनी अंगठा टेकवला. काय काय पुसलं जाणार याची यादी पडद्यावर उमटली. चिपळूणची बाजारपेठ, बहादूरशेख नाका, सोसायटीचं फाटक, सगळं किरकोळ. शेवटची ओळ तेवढी लाल होती. 'कुंभार्ली घाट, उतार. सारथ्य-ठसा, संपूर्ण. नोंद: ९ डिसेंबर, अकरा वर्षांपूर्वी.'

डॉ. मुजावरांनी ती ओळ दोनदा वाचली. "साहेब, हा ठसा तुमचाच आहे."

नऊ डिसेंबर. कराडच्या इस्पितळातून वृषालीला घरी आणलं तो दिवस. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेली, टाके ओले. ताशी वीसच्या वेगानं ते घाट उतरले होते. मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून थकले, तरी त्यांनी ऐकलं नाही. पुढं टाके निघाले, आणि त्याच आठवड्यापासून ते पुन्हा नेहमीसारखे चालवू लागले.

त्यांचा मत्सर तसूभरही कमी झाला नाही. परक्याला निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. ह्याला काय देणार?

"पुसायचं?" डॉ. मुजावरांनी विचारलं. "पुसलंत, तर उद्यापासून त्या उतारावर दुसऱ्या क्रमांकाचा ठसा चालेल."

"राहू द्या," हेमंतराव म्हणाले आणि अर्ज परत खिशात घातला.

वृषालीताई बाहेरच्या दालनात मासिक चाळत बसल्या होत्या. नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी मासिक मिटलं. "कळलं वाटतं कोण ते?"

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी. पहिल्याच वळणावर गाडी अगदी थांबल्यासारखी झाली ना, माझे टाके ओले असताना तुम्ही केली होतीत तशी, तेव्हा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तुम्ही आणखी बारा वर्षं स्वतःची आरती ओवाळत बसला असता. चालवणं मात्र होतं तसंच राहिलं असतं."

दुपार कलताना त्यांची शतपथ कुंभार्ली घाट उतरू लागली. काटा विसावर होता. मागे ट्रकवाले भोंगे वाजवत होते. वृषालीताईंच्या मांडीवरची पिशवी अजून कोरडी होती, पण त्या झोपल्या नव्हत्या.

"बरं चालवताय," त्या म्हणाल्या.

हेमंतराव सुखावले.

"पण त्या डिसेंबरातला तो प्रत्येक वळणावर विचारायचा, दुखतंय का म्हणून."

हेमंतरावांनी ओठ आवळले. पुढच्या वळणावर वेग आणखी कमी केला आणि समोर बघतच विचारलं, "मळमळतंय का?"

वृषालीताईंनी पिशवीची घडी घातली, ती पर्समध्ये ठेवली आणि डोळे मिटले.