टेपचं दुसरं टोक

तुम्ही पोरं राहायला बेसमेंट शोधताय म्हणून सांगतो. दिवा नको, आहे तेवढा उजेड पुरे. हेमचंद्र माझा शिकागोतला शेजारी, तेव्हा हे ऐकीव नाही.

साल त्र्याऐंशी, भोगीची रात्र. संध्याकाळी हेमचंद्र डेव्हन ॲव्हेन्यूवर तीळ आणायला गेला आणि येताना मापायची एक नवी पोलादी टेप घेऊन आला. त्याची नोकरी गेली होती. बेसमेंटमध्ये खोली काढून तुमच्यासारख्या विद्यार्थ्यांना दिली, तरच घर हातात राहणार होतं. सकाळी सुतार यायचा होता. माप घेऊन त्याला हो म्हणायचं, एवढंच बाकी होतं.

पण हो म्हणवेना. त्याची आई नागपूरहून ऑक्टोबरात आली, त्याच बेसमेंटमध्ये राहिली आणि आदल्या वर्षीच्या फेब्रुवारीत तिथेच वारली. "हेमा, मला वर घे रे, इथे फार गारठा आहे," म्हणायची. वरची खोली मुलीची, वीणाची. "समरमध्ये बघू, आई," हा म्हणायचा. दहाव्याला लेकच्या काठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. मंत्र सांगायला आमच्यातलाच एक डॉक्टर. बोटं बधिर झालेली, सगळ्यांना घरी जायची घाई. शेवटी हेमचंद्र हात जोडून पुटपुटला, "आई, वरची खोली तुझी." कावळा लगेच शिवला. हा गाडीत बसला आणि विसरून गेला.

"आपण काही देऊळ पाडत नाही आहोत," त्याची बायको सुचित्रा त्या रात्री म्हणाली. "नुसतं रेंट करतोय. मेझर करून ये."

तो खाली उतरला. टेपचं टोक भिंतीला अडकवून मागे सरकला. टोक निसटलं. पुन्हा अडकवलं, पुन्हा निसटलं. नागपूरच्या घरी पडदे मापताना दुसरं टोक कायम आईच्या हातात असायचं. सवयीने तो बोलून गेला, "आई, धर गं जरा."

टेप ताठ झाली.

त्याने ओढली. सुटेना. पलीकडे कुणी नव्हतं... मग टोक हललं. भिंतीपासून निघून त्याच्या पायाशी आलं. पुढे जिन्याकडे. टेप सरसरत सुटत होती. एक पायरी चढली. थांबली... दम खाल्ल्यासारखी. आणखी एक.

आईचे गुडघे दुखायचे.

"सुचित्रा..." टेप संपली. डबी हातातून हिसकावली गेली, पायऱ्यांवर आपटत वर गेली. खट्... खट्... मग काहीच नाही.

तो धावत वीणाच्या खोलीत गेला. टेप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली. वीणा अंथरुणात उठून बसलेली.

"डॅड, आजी सेड शी'ज स्टेइंग. व्हाय इज शी सो कोल्ड?"

सकाळी त्याने सुताराला परत पाठवलं. दुसऱ्याच्या पोरांना तिथे झोपवायची त्याची छाती झाली नाही. वीणाला त्यांनी आपल्या खोलीत घेतलं, वरच्या खोलीत आईचं अंथरूण घातलं, हीटर लावला. खोली गारच राहिली. उन्हाळ्याआधी घर गेलं. किल्ली देताना तो दारात बसून रडला. "काका, तिला आत्ता कुठे वर घेतलं होतं. आता तिला कोण ठेवून घेईल?"

निघताना टेप माझ्याकडे टाकून गेला. ही बघ. ओढ. पूर्ण ओढ... आता सोड.

हिसका देऊ नकोस. एवढी बाहेर उरतेच, याच्या आत ती जात नाही. मी वीणाच्या त्या रिकाम्या खोलीत नेऊन लावून पाहिली होती. बरोबर एका भिंतीपासून दुसरीपर्यंत.