राहून गेलेलं डिझेल

दीपमाला पहिल्यांदा वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा बसायला एकच धड खुर्ची होती. विश्वजीतनं ती रुमालानं पुसली. रुमालालाच तेल होतं; खुर्ची आणखी काळी झाली.

"राहू द्या, मी उभीच बरी," ती म्हणाली.

विश्वजीत आणि त्याचे वडील बद्रीनाथ चिकलठाण्यात बोल्ट भट्टीत तापवून, तेलात बुडवून टणक करून देत. ते बोल्ट एक मोठी कंपनी जर्मनीला पाठवायची. युरोपनं आता बाहेरच्या लोखंडी मालावर कार्बनचा कर बसवला होता. माल करताना धूर जास्त, तर कर जास्त. म्हणून कुणाकडं किती वीज, किती डिझेल जळतं हे पाहायला कंपनीनं दीपमालेला नेमलं होतं.

"दोनशे वर्षं कोळसा त्यांनी जाळला," विश्वजीत म्हणाला, "अन् झडती आमच्या भट्टीची?"

"बरोबर आहे तुमचं. पण म्हणून आपला उन्हाळा कमी होतोय का?"

"गरिबानं आधी पोट भरावं का आभाळ पुसावं?"

"गरीब!" तिनं दाराबाहेर पाहिलं. "ती नवी मोटारसायकल कुणाची मग?"

भट्टीपलीकडून बद्रीनाथ हसले. "घे! बोल आता."

एरवी चारचौघांत अडखळणारा विश्वजीत तिच्याशी भांडताना अडखळत नव्हता. हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. ती गेल्यावर आठवलं, जनरेटरचं डिझेल सांगायचं राहूनच गेलं. ते खरंच राहिलं होतं. त्यानं फोन केला, ती परत आली. त्या वेळी मात्र मागच्या शेडमधली गॅसची भट्टी त्यानं मुद्दाम सांगितली नाही. पुढच्या फेरीला ती सांगितली, आणि टेम्पोचं डिझेल मागं ठेवलं. दर फेरीला चहा, आणि चहाबरोबर अमेरिकेचं आयातशुल्क, नाहीतर श्रीमंत देशांनी प्रदूषणाच्या भरपाईपोटी कबूल करून न दिलेले पैसे... ती बशीत फुंकर घालत वाद घालायची. तो हरायचा, आणि त्याला बरं वाटायचं.

एका दुपारी ती न कळवता आली. चहा नको म्हणाली.

"आमच्या कंपनीचे सांडू साहेब म्हणतात, ही माणसं लपवाछपवी करतात. दर वेळी आकडा वाढतोय. तुमचं काम बंद करायचं चाललंय. मी भांडले त्यांच्याशी, म्हटलं माणसं सरळ आहेत..." तिनं हातातली वही मिटली. "खरं सांगा. का लपवलं?"

'विसरलो' म्हणणं सोपं होतं. पण मग तिच्या लेखी तो कायमचा लबाड ठरला असता.

"सगळं एकदम सांगितलं असतं, तर... तुम्ही परत कशाला आल्या असत्या?"

तिचा चेहरा लाल झाला. रागानं की कशानं, त्याला कळेना.

"हे मी साहेबांना सांगू?"

"तुम्ही नका. मी सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीत जाऊन, भरल्या ऑफिसात सांगितलं, "साहेब, दीपमाला मला आवडते. परत यावी म्हणून एकेक गोष्ट मागं ठेवली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं."

सांडू साहेबांनी चष्मा काढला. "अहो, जग तापतंय म्हणून तिकडं परिषदा भरतात, अन् तुम्ही..." मग ते हसलेच. काम चालू राहिलं. पण मोजणी नव्यानं, दुसऱ्या माणसाकडून. दीपमालेनं त्या वर्कशॉपला जायचं नाही.

तो दुसरा माणूस आला, एका बैठकीत सगळं मोजून गेला. काम वाचलं होतं. तरी विश्वजीतला जेवण जाईना.

रविवारी भट्टी बंद होती. तो तेलाची टाकी घासत होता. बाहेर स्कूटी थांबली.

"तुम्ही? मोजणी तर झाली."

"माहितीय."

"साहेबांनी तर —"

"कामासाठी जाऊ नको म्हणाले. आज सुट्टी आहे." ती दारातच उभी राहिली. "तिकडं शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना सांगून आलात. मला कधी सांगणार?"

विश्वजीतनं हात पुसले.

"लई आवडता तुम्ही मला."

"व्हय का?" तिनं त्याचीच बोली उचलली, पण हसू दाबता आलं नाही. "मग मोटारसायकल काढा. माझी आई वाट बघतेय... तिलाही तुम्हीच सांगायचंय."