थांबायचा आवाज

बिरप्पानं फटफटी खोलली होती, आणि केराबाईच्या मते बोकड सोलावा तशी सोलली होती. अंगणात जुन्या घोंगडीवर नळ्या, चकत्या, काळेकुट्ट खिळे मांडलेले. देगावच्या रस्त्याला त्यांचं घर. सोलापूरच्या गिरणीचा भोंगा तिथवर ऐकू यायचा. मागल्या अंगाला मेंढरांचं वाडगं. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाकडून लेकानं ही फटफटी घेतली, तेव्हापासून केराबाई तिला ‘तुजी धाकटी बायकू’ म्हणायची.

“मिस्त्रीकडं ने की. तुज्या बापजाद्यांत कुनी असलं केलंय?”

“आये, मेंढराची खुरं आपुन घरीच काडतो न्हवं? तसंच हे.”

“मेंढरू दुकलं तर वरडतं, बाबा. ही तुजी धाकटी वरडनार हाय का?”

बिरप्पा हसला. दिवस मावळेपर्यंत त्यानं सगळं पुसून, तेल घालून जागच्या जागी बसवलं. पुढचं चाकही काढून पुन्हा घातलं. मेंढक्यानं पहिलं कोकरू खांद्यावर घ्यावं तसा चेहरा होता त्याचा.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला ज्ञानबा आला, बाळंतपणाला माहेरी गेलेल्या सुनेचा, मायाक्काचा चुलता. मालाच्या लॉरीत बसून सांगोल्याहून आलेला, भुवयांवर धुळीचा थर. पाण्याला हात न लावता म्हणाला, “मायाक्का अडलीया. सुइनीनं हात टेकलं. येताना दवाखान्यातनं औषद घिऊन आलोय, पन लॉरी मागं कदी फिरंल त्याचा नेम न्हाय. बिरप्पा, तूच पोचव.”

केराबाईच्या हातातली लोकर खाली पडली. मायाक्काचं पहिलं पोर पोटातच गेलं होतं. आगगाडी कुर्डुवाडीचा वळसा घेऊन जायची. तिच्या भरवशावर राहिलं तर सगळं उरकून गेलं असतं.

बिरप्पानं बाटली कमरेला बांधली आणि फटफटीला लाथ मारली. धडधड नेहमीचीच होती. पण तिच्या पोटातून आणखी एक आवाज येत होता.

टक्. मग जरा थांबून, टक्-टक्.

“टॅपेट वाजतंय,” बिरप्पा म्हणाला. “सैल ऱ्हायलं असंल.” त्यानं गाडी बंद केली, पाना लावला, पुन्हा लाथ मारली.

टक्. टक्-टक्.

केराबाईनं वाडग्याकडं पाहिलं. रवंथ थांबला होता. सगळी मेंढरं उभी, कान टवकारलेले, तोंडं एकाच बाजूला. आयांना ढुसण्या देणारी कोकरंसुद्धा गप्प. इंजिन बंद पडलं, तसे जबडे पुन्हा हलू लागले.

हर मेंढक्याचा कळप थांबवायचा आवाज वेगळा. पुढं लांडगा असला, ओढ्याला पाणी आलं, की तो आवाज काढायचा. कळप जागच्या जागी खिळतो. एकाचा कळप दुसऱ्याच्या आवाजाला भीक घालत नाही. बिरप्पा शीळ घालायचा. जीभ टाळूला लावून काढलेला टक्, टक्-टक् हा आवाज येडूचा होता, केराबाईच्या नवऱ्याचा. मानमोडीच्या साथीत तो गेला, तेव्हा बिरप्पाला मिसरूडही फुटलं नव्हतं. वाडग्यातल्या एकाही मेंढरानं येडूला पाहिलेलं नव्हतं.

“परत चालू कर,” केराबाई म्हणाली.

तिनं काठीचं एक टोक इंजिनाला टेकवलं, दुसरं कानाला. गाभण मेंढीच्या पोटाला कान लावावा तशी ती वाकून ऐकत राहिली. टक्. टक्-टक्. आणि त्यानंतर, माणसानं चढ चढून दम घ्यावा तसं काहीतरी.

तिनं काठी बाजूला केली. “उतर खाली. न्हाय जायाचं.”

“आये, मायाक्का तितं मराय लागलीया!”

“आन तू वाटंत मेलास, तर औषद काय चालत जाईल तिच्याकडं? वीरभद्रप्पाला आन. पळ!”

वीरभद्रप्पा मोटारस्टँडवर लॉऱ्या दुरुस्त करायचा. बोलणं निम्मं कानडी, हात पक्का. त्यानं इंजिन चालवलं, बंद केलं, पुन्हा चालवलं.

“अव्वा, हे टॅपेट न्हाय, पिस्टन बी न्हाय. आवाज कशाचा, मला कळंना.” मग त्याची नजर पुढच्या चाकावर गेली. “बिरप्पा, हे काय लावलंस रे?”

चाकाच्या नटाखाली चकती नव्हतीच. तिथं लोकरीचं सूत गुंडाळलेलं, तेलानं चिंब. वीरभद्रप्पानं नुसतं बोट लावलं, तर नट फिरला.

“सीना नदीच्या उताराला चाक पुडं गेलं असतं आन तू मागं.”

“चकती घावंना,” बिरप्पा पुटपुटला. “पीळ चांगला घातलेला, आये. वझं बांदतो की आपुन त्या सुतानं.”

केराबाईनं त्याच्या पाठीत दणका घातला आणि तिथंच मटकन बसली. “सूत घालतोय! चाकाला सदरा बी शिवायचा हुतास!” बोलता बोलता तिला हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी आलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून नेला होता.

वीरभद्रप्पानं चाक पक्कं केलं आणि आवाजाचं बघतो म्हणून इंजिनाशी बसला. बिरप्पा पेट्रोल आणायला गेला, केराबाई भाकऱ्या बांधायला आत. ती बाहेर आली तर मिस्त्री गेलेला, हत्यारांची पिशवी नाही, गाडी पुसून उभी. काम झालं, असंच तिला वाटलं. बिरप्पानं येऊन लाथ मारली.

इंजिन एका दमात सुरू झालं. टक् नाही, काही नाही. नुसतं हुर्र्र. येडू कळपाला पुढं हाकायचा, तसं. वाडग्यातली मेंढरं उठली आणि पुढच्या कुडाला जाऊन भिडली.

“जा,” केराबाई म्हणाली. “आता जा.”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना फटफटी दारात आली.

“पोरगी झाली, आये! दोगी बी बऱ्या हायत.”

केराबाईनं त्याच्या तोंडात गूळ कोंबला, मागं थांबलेल्या ज्ञानबाच्या कोंबला, मग स्वतःच्या. “नाक कुनाचं? माजं आसंल, तर जलमभर कुनाचं ऐकायची न्हाय.”

“आन गाडी लई ग्वाड चालली. उतार आला की मी हात लावायच्या आदीच हळू व्हायची.”

तेवढ्यात वीरभद्रप्पा धापा टाकत आला.

“रागावू नगा, अव्वा. तुमी चुलीपाशी हुता, म्हटलं स्टँडवर ह्यो तुकडा घासून आत्ता येतो. तितं लॉरी आली, अडकलो. बिरप्पा आगगाडीनं गेला आसंल की.” त्यानं फडकं सोडलं. आत बोटाएवढा पितळी तुकडा होता. “मॅग्नेटोतला हाय. ह्याच्याबिगर ठिणगीच पडत न्हाय.”

“गाडी तर सांगोल्याला जाऊन आली,” केराबाई म्हणाली.

वीरभद्रप्पा हसला. कुणीच हसलं नाही, तेव्हा थांबला. खाली बसून त्यानं झाकण काढलं.

तुकड्याची जागा रिकामी होती. इंजिन अजून चटका बसेल इतकं गरम होतं.

बिरप्पा आईकडं बघू लागला.

केराबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, येडू घरात असताना घ्यायची तसा. मग गाडीकडं पाठ न करता, मागं मागं सरत ती घरात गेली.