तीन बोटं

“करून देईन की! राजेशच्या एकसष्टीला मी नाही करणार, तर कोण करणार?”

चिंतामणी इतक्या गोड आवाजात बोलला, की चहा घेऊन आलेली कमल दारातच थबकली. एकोणचाळीस वर्षं ज्या धाकट्या दिराचं नाव या खोलीत दातओठ खाल्ल्याशिवाय निघालं नव्हतं, त्याच्या मुलीला नवरा चक्क हसून हो म्हणत होता!

अनुजा मात्र हरखून गेली. “मोठे काका, अगदी छोटीशीच रेल्वे हवीय हं. टेबलावर मावेल एवढी. बाबांची पहिली नोकरी वडाळ्याच्या यार्डात होती ना, तेच करा. बाबा त्या दिवसांबद्दल कधी बोलतच नाहीत.”

“नाही बोलायचा तो,” चिंतामणी म्हणाला. “मी बोलेन.”

ती जिना उतरली आणि कमलचा बांध फुटला. “तुमका काय येड लागला? ज्याच्यापायी तुमची नोकरी गेली, ज्याच्यापायी मी अर्ध्या काळाचौकीला डबे पोचवले, त्याची आरास करणार तुम्ही?”

“आरास नाही गं, कमल... त्याचं पाप मांडणार आहे. दोनशे माणसांसमोर, त्याच्या व्याह्यांसमोर! सूड आहे हा माझा, आणि तो गळ्यात हार घालून बघणार आहे!”

पाप कोणतं, ते कमलला पाठ होतं. शहाऐंशी सालचा शिमगा नुकताच सरला होता. दोघेही भाऊ यार्डात; चिंतामणी झेंडी घेऊन उभा राहणारा, आणि नुकताच लागलेला बावीस वर्षांचा राजेश सांध्यावर, म्हणजे लिव्हर ओढून गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घेणारा. चार लाईनी, आणि त्यांची मोजणी केबिनच्या बाजूने. इंजिनाच्या धडधडाटात आवाज पोचत नसे, म्हणून जी लाईन हवी तितकी बोटं थोरल्याने वर करायची आणि धाकट्याने तसा सांधा टाकायचा. त्या दुपारी मालाने भरलेली वाघीण, रेल्वेचा मालडबा, दोन नंबरला जायची होती. ती गेली तीनला, जिथे रूळच संपत होते, आणि टोकाला गाडी अडवणाऱ्या बफरमागे, सावलीत यार्डातला सोबती रामू डबा खात बसला होता. रामूचा उजवा पाय गेला.

“दादा, तीन... तीन नंबर...” एवढंच राजेश थरथरत म्हणाला होता, आणि चिंतामणीने त्याच्या तोंडावर हात दाबला होता. “एक अक्षर बोलू नकोस! तुझी परीक्षा आहे, सगळं आयुष्य पडलंय. चौकशीत सांगायचं, चूक दादाची.” स्वतःही तेच सांगून आला, बडतर्फ झाला, आणि पुढे जन्मभर मंडळांच्या गणपतींचे मखर कापत राहिला. राजेश परीक्षा देऊन साहेब झाला, दादरला ब्लॉक घेऊन गेला... आणि एकदा, फक्त एकदा तरी, ‘दादामुळे मी उभा आहे’ म्हणाला? छे! चाळीत सत्यनारायणाला आला, की थोरल्याचे टोमणे खाली मान घालून ऐकायचा आणि प्रसाद घेऊन सटकायचा. कृतघ्न! बडतर्फीपेक्षाही तो न आलेला एक शब्द चिंतामणीच्या काळजात सलत होता.

त्याने कामाला हात घातला तो वैऱ्याच्या चिकाटीने. चार फूट बाय दोनची फळी घेतली. मखरांनी शिकवलेली अक्कल अशी, की सगळंच कोंबलं की खेळणं होतं. म्हणून अख्खं यार्ड नको. एकच कोपरा, एकच दिवस, एकच तास! पूल नको, डोंगर नको, बोगदा तर नकोच. चार लाईनी, एक केबिन, समोर कंपाउंडची भिंत, आणि तिसऱ्या लाईनीच्या टोकाला बफर. रूळ फळीच्या कडेला सरळ समांतर टाकले तर पट्टीने आखल्यासारखे दिसतात, म्हणून ते किंचित तिरके घेतले. नवा रंग फार चमकायला लागला तेव्हा त्यावर चहाचं पाणी फिरवून सगळं मळवलं. बॅटरीचं इंजिन तेवढं लॅमिंग्टन रोडवरून आणलं.

“बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, मी तिथेच उभा आहे,” तो पुटपुटायचा. “तरच वाघीण आदळताना काळीज हलेल!” मनातल्या मनात तो रोज समारंभ साजरा करत होता, आणि रोज राजेशचा चेहरा आदल्या दिवसापेक्षा पांढरा पडत होता. कमलसुद्धा या सुडात रंगली. तिने ब्लाउजच्या चिंधीतून इवलीशी लाल झेंडी कापली आणि चॉकलेटच्या चांदीतून रामूचा डबा वळला.

शेवटच्या रविवारी तिनेच विचारलं, “अहो, त्या दिवशी केबिनखालचं गटार खणलेलं होतं ना? रामूला उचलून आणताना दोघं त्यात पडले म्हणून सांगायचात.”

“होतं! बरी आठवण केलीस.” खरेपणाची त्याला धुंदी चढली होती. केबिनच्या पायथ्याशी त्याने पुठ्ठा कोरून चर काढला, कडेला मातीचा ढीग लावला, आणि तारेचा झेंडीवाला बाहुला, म्हणजे तो स्वतः, नेहमीच्या जागी केबिनखाली उभा करायला गेला. जागाच नव्हती! बाहुला गटारात कलंडला.

“मग तुम्ही कुठे उभे होता?” कमल म्हणाली.

“समोर... भिंतीला लागून. गटारामुळे त्या दिवशी...” म्हणत त्याने बाहुला पलीकडच्या भिंतीशी ठेवला. कमल टेबलाच्या त्याच बाजूला बसली होती. बाहुल्यामागून डोकावून तिने बोट फिरवलं. “आणि वाघीण जायची होती ती लाईन ही ना? पहिली, दुसरी, तिसरी... ही तर तीन नंबर झाली.”

“उलटीकडून मोजतेस तू. केबिनपासून मोज.”

“आता मोजायला तिकडे उठून येऊ? माणूस असतो तिथूनच मोजतो.”

चिंतामणीचा हात हवेतच राहिला. त्या दुपारी तापलेली भिंत पुन्हा पाठीला लागली... घाई झालेली... नजर स्वतःच्या पायापासून धावलेली, एक, दोन, तीन... आणि उजवा हात वर गेलेला, तीन बोटांनी! राजेशने त्याच बोटांप्रमाणे सांधा टाकला होता. ‘दादा, तीन...’ ती कबुली नव्हतीच. ते पोर थोरल्याला त्याचीच बोटं सांगत होतं!

“देवा रे!” तो बाहुल्याकडे बघत म्हणाला. “कमल, सांधा बरोबर पडला होता गं. खोटं बोलतोय असं समजून मी चौकशीत खरं बोलून आलो!”

रामू मरेपर्यंत दर गणपतीत कुबडी टेकत आरतीला यायचा आणि म्हणायचा, ‘चिंतामणी, भावासाठी एवढं कोण करतं रे!’ ते कौतुक चिंतामणीने प्रत्येक वेळी प्रसादासारखं हात पुढे करून घेतलं होतं. आता त्याला स्वतःचीच किळस आली.

“गटार बुजवा,” कमल म्हणाली. “बाहुला केबिनखाली ठेवा. कोणाला कळणार आहे?”

“राजेशला. त्याला पहिल्या दिवसापासून कळलेलं आहे.”

दादरच्या हॉलमध्ये एकसष्ट दिव्यांनी ओवाळून झालं आणि अनुजाने फळीवरची चादर काढली. माणसं भोवती गोळा झाली. राजेश कौतुकाने वाकला. केबिन दिसली, गटार दिसलं, रामूचा डबा दिसला... आणि भिंतीशी उभा, तीन बोटं वर केलेला बाहुला! चिंतामणीने मनात शंभरदा पाहिला होता, तस्साच त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने घाबरून आजूबाजूला पाहिलं, आणि झटकन बाहुला उचलून मुठीत लपवला.

“फार सुंदर झालंय, दादा,” तो म्हणाला. “हे एवढं माझ्याकडे राहू दे.”

“का रे नाही बोललास?” चिंतामणीचे डोळे भरून आले. “मी तुला काय काय बोललो, राजा... एवढी वर्षं!”

“आधी भ्यायलो होतो. माझीही नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो, ते माझं चुकलंच. नंतर सांगायला आलो, तर तू चाळीत ताठ मानेने चालत होतास. सगळं गेलं होतं तुझं, दादा... भावासाठी केलं, एवढंच उरलं होतं. ते कसं काढून घेऊ? आणि आभार मानायचे, तर खोटे मानावे लागले असते. ते काही जमेना.”

चिंतामणीने धाकट्याची मूठ हळूच उघडली, बाहुला काढला आणि पुन्हा भिंतीशी उभा केला. मग तो लोकांकडे वळला. “मंडळी, हा झेंडीवाला मी. बोटं माझी चुकली. रामूचा पाय माझ्यामुळे गेला, आणि शिव्या मात्र मी या माझ्या भावाला घातल्या!”

राजेश थोरल्याच्या पायाशी वाकला, तर चिंतामणीने त्याला मधेच धरून छातीशी लावला आणि दोघेही लहान मुलांसारखे रडले. कमल पदर तोंडात धरून उभी होती.

थोड्या वेळाने चिंतामणीने डोळे पुसले, टेबलाला वळसा घालून केबिनच्या बाजूला आला आणि इंजिनाचं बटण दाबलं. वाघीण घरघरत निघाली. त्याने हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. राजेशने काडीएवढा लिव्हर चिमटीत धरून ओढला.

वाघीण दोन नंबरने सरळ निघून गेली. बफरमागे सावलीत रामू डबा खात बसला होता.