हळदीच्या खोलीतली बॅटरी

गाडी जळाली आणि जाळणाराही सापडला, असा एका दमात फोन आला, तेव्हा फौजदार पुनम भोयर यांनी हातातला चहा खाली ठेवला. गुन्हा आणि गुन्हेगार एकाच वाक्यात मिळाले की त्यांना चैन पडत नसे.

त्या कनेरगाव नाक्यावर पोचल्या तेव्हा धाब्यासमोर ही गर्दी. मधोमध जमादार देविदासांनी एका तरुणाची कॉलर धरली होती. हा विकास. जवळच्या तांड्यावरचा, नाक्यावर पत्र्याच्या शेडमध्ये गाड्यांचं वायरिंग करणारा. त्याची आई भिकाबाई धाब्याच्या खांबाला टेकून, पदर तोंडावर ओढून उभी होती. रडत नव्हती. आपल्याला कुणी ओळखू नये एवढीच तिची धडपड होती, आणि नाक्यावर तिला न ओळखणारं एक माणूस नव्हतं.

"माणिकरावांची मोटार यानंच पेटवली, मॅडम," देविदास म्हणाले. "काल त्यांच्यासंगं हुज्जत घातली, आज गाडी खाक. लोक तर त्याची शेडच उचलून फेकायची म्हणून राहिले."

"कॉलर सोडा."

"पळून जाईल ना."

"आईला इथं सोडून? सोडा आधी."

देविदासांनी कॉलर सोडली. शर्टाचं वरचं बटण केव्हाच तुटून पडलं होतं.

माणिकरावांची मोटार म्हणजे नाक्याची शान. पन्नासच्या दशकातली विलायती गाडी, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला माणिकरावांना खपत नसे. उद्या नात प्रतिक्षाचं लग्न, आणि नवरी याच मोटारीतून गोरेगावच्या मंडपात जाणार होती. पण गाडीची वीज जुनी, सहा व्होल्टची. दिवे निरांजनाएवढे जळायचे. म्हणून नाइलाजानं विकासला बोलावून सगळं नवं करून घेतलं होतं: बारा व्होल्टची बॅटरी, नव्या वायरी, डायनॅमोच्या जागी वीज तयार करणारा आल्टरनेटर.

त्या नव्या वायरींचा आता कोळसा झाला होता.

माणिकरावांच्या अंगणात जाऊन पुनम मॅडमनी बॉनेट उघडलं. आत माती टाकलेली होती. बॅटरी मात्र शाबूत. तिला जोडलेल्या दोन जाड वायरींच्या टोकांना लाल धागा गुंडाळलेला, अर्धा करपलेला. मॅडमनी बॉडीला जोडलेल्या वायरीचा, बॅटरीच्या टोकावर बसणारा क्लॅम्प नुसता बोटानं ढकलला. तो बॅटरीवरून अलगद निघाला. मग त्यांनी बॅटरी उचलून खालून पाहिली. बूड पिवळं होतं. त्यांनी त्यावर बोट फिरवलं, वास घेतला आणि बॅटरी जीपमध्ये ठेवायला सांगितली.

ओसरीवर माणिकराव बसले होते. मोठा माणूस, बोलणंही मोठं.

"काल संध्याकाळी गाडी चालू होती?" मॅडमनी विचारलं.

"व्हय. त्यानं चालू करून दाखवली अन् बॅटरी लावून ठेवूनच गेला. पहाटं उठून पाहातो तं धूर."

"रात्रभर बॅटरी गाडीतच?"

"गाडीतच."

"तुम्ही हात लावला नाही?"

"आमी काहून लावावा? माती टाकली, बस्स. तो पोरगा काल मला उलट बोलला, मॅडम. त्याची मस्ती हाय ही."

त्यांच्या पत्नी मनकर्णाबाई चहा घेऊन आल्या. माणिकरावांनी डाव्या हातानं कप घेतला. उजवा हात उपरण्याखालीच राहिला. मनकर्णाबाईंनी तिकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घालून त्या आत गेल्या.

मुलगा हरीश दाराशी उभा होता.

"गाडी विकायची होती म्हणे तुम्हाला?" मॅडमनी त्याला विचारलं.

"पुण्याचं गिऱ्हाईक होतं, मॅडम. पण जळकी गाडी कोण घेते? अन् मी रात्रीपासून गोरेगावात, मंडपवाल्यासंगं. फोन आला तवा आलो. बराबर चौकशी करा."

चौकशी केली. खरं निघालं.

मॅडम नाक्यावर परतल्या आणि विकासला त्याच्याच शेडमध्ये घेऊन बसल्या.

"हुज्जत कशावरून झाली?"

"टेपवरून." विकास जमिनीकडे पाहून बोलत होता. "या जुन्या विलायती गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला जोडते, मॅडम. आता सगळीकडं मायनस बॉडीला असते. नवा आल्टरनेटर बसवायचा तं उलटं करावंच लागलं. मालकाच्या हाताला जुनी सवय. म्हनून बॉडीच्या वायरीला काळी टेप गुंडाळली अन् म्हनलं, सकाळी मी आल्याबिगर बॅटरी लावू नका. त्याचा त्यांना राग आला. म्हणे, माझी मोटार तू मला शिकवतो का?"

"बॅटरी लावू नका? म्हणजे ती रात्री काढलेली असते?"

"रोज काढतात. चोरीच्या धाकानं घरात ठेवतात. कालबी मी जाताना त्यांनीच काढून नेली. पण माझ्या बोलण्यावर कोण भरवसा ठेवते?"

"आणि मायनसचा क्लॅम्प इतका सैल का बसवलास?"

पहिल्यांदा विकासनं मान वर केली. "सैल? मायनसचं टोक बारीक असते, प्लसचं जाड. म्या बारक्या टोकाच्या मापाचा नवा क्लॅम्प आणून आवळला व्हता. हातानं हलणार न्हाई असा."

"तारा उलट्या लागल्या तर?"

"आल्टरनेटरमधून सगळा करंट एकदम जाते. बघता बघता वायर पेटते."

मॅडम परत माणिकरावांच्या घरी गेल्या, पण या वेळी सरळ स्वयंपाकघरात.

"मनकर्णाबाई, काळी टेप तुम्ही काढली?"

बाईंच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "नवरीच्या गाडीत काळं कशाला, म्हनून काढली. दोन्ही तारांना लाल नाडा बांधला. शुभ असते." मग एकदम त्यांनी ताट खाली ठेवलं. "त्यानं आग लागली का वं माय? माझ्यामुळं लागली का?"

"नाड्यानं आग लागत नाही. पहाटे बॅटरी कुणी लावली?"

मनकर्णाबाईंनी पदराचं टोक तोंडात धरलं. लाजेनं त्यांचा चेहरा असा उतरला होता की उत्तर मिळाल्यातच जमा होतं.

बाहेर आल्यावर मॅडम माणिकरावांना म्हणाल्या, "नाक्यावर चला."

"इथंच आत बसून बोलू की. घरात लग्न हाय."

"त्या पोराची कॉलर नाक्यावर धरली, काका. बोलणंही नाक्यावरच होईल."

धाब्याच्या टेबलावर बॅटरी ठेवली. गर्दी पुन्हा जमली. मनकर्णाबाईही मागोमाग चालत आल्या आणि बायकांमध्ये उभ्या राहिल्या.

"माणिकराव सांगतात, रात्रभर बॅटरी गाडीत होती," पुनम मॅडमनी बॅटरी कलती केली. "मग हिच्या बुडाला हळकुंडांची भुकटी कशी? ही रात्री माणिकरावांच्या घरात, हळदीचं पीक साठवायच्या खोलीत होती. त्या खोलीची किल्ली कुठं असते?"

सगळ्यांच्या नजरा माणिकरावांच्या कमरेकडे गेल्या. करदोट्याला किल्ली लटकत होती.

"आता हा क्लॅम्प. हा बारक्या टोकाचा. जाड टोकावर ठोकून बसवला की फाकतो. परत बारक्या टोकावर घातला की सैल पडतो, आणि तो सैल आहे. म्हणजे पहाटे तारा उलट्या लागल्या, आग लागली, आणि लावणाऱ्यानं त्या नंतर गुपचूप सरळ करून ठेवल्या. विकासनं उलट्या लावल्या असत्या तर त्या सरळ करायला तो थांबला असता का? तांड्यावरून येऊन, तुमच्या अंगणात, धुरामध्ये?"

देविदासांनी टोपी काढून हातात घेतली.

"काळी टेप राहिली नव्हती. दोन्ही तारा लाल दिसत होत्या. मग हातानं वर्षानुवर्षांची सवय धरली, बॉडीची तार प्लसला. ही चूक या जिल्ह्यात एकच माणूस करू शकतो. काका, तापलेली तार ओढून काढलेला उजवा हात दाखवा."

माणिकरावांनी हात दाखवला नाही. ते एकदम ओरडले, "धागा हिनं बांधला! हिला विचारा!"

मनकर्णाबाई बायकांमधून पुढे आल्या. नवऱ्यासमोर चारचौघांत त्या कधी बोलल्या नव्हत्या.

"धागा म्या बांधला," त्या म्हणाल्या. "पोराचं नाव म्या न्हाई घेतलं."

माणिकरावांनी हळूच उपरणं बाजूला केलं. बोटांवर पाणी भरलेले फोड होते.

"अख्ख्या मुलखाला सांगत फिरलो," ते म्हणाले, "का या मोटारीतलं माझ्याबिगर कोणाला कळत न्हाई. पोरगा यायच्या आधी मीच चालू करून दाखवतो म्हनलं. अन् माझ्याच हातानं... लाज वाटली हो. काय तोंड दाखवावं उद्या पाहुण्यांना? तांड्यावरचा पोरगा हाय, दोन दिवसांनी लोक विसरतील, असं वाटलं." आणि मग तो मोठा माणूस सगळ्यांसमोर रडायला लागला. "विकास, चूक माझी हाय रे."

मॅडमनी खोट्या तक्रारीचा जबाब घ्यायला कागद मागितला, पण देविदासांचं लक्ष नव्हतं. ते खाली वाकून धुळीत सकाळचं तुटलेलं बटण शोधत होते. सापडलं, तेव्हा ते विकासच्या हातावर ठेवताना त्यांना त्याच्याकडे पाहवेना.

गर्दी पांगली. भिकाबाई मात्र अजून पदर ओढूनच उभी होती.

पुनम मॅडम तिच्याजवळ गेल्या. "आता काहून लाजता, मावशी? तुमच्या पोराचा काही दोष नव्हता. सगळ्यांनी ऐकलं."

"माझ्या पोराची न्हाई वाटत, मॅडम," भिकाबाई हळू आवाजात म्हणाली. "त्यांचीच लाज वाटून राहिली. एवढा मोठा माणूस, अन् आमच्यासमोर रडला."

मग माणिकराव बसले होते त्यांच्या समोरून जावं लागू नये म्हणून ती धाब्याच्या मागून वळसा घालून घरी निघाली.