तुडवलेली वाट

“ए बाई! ती वाट माझी आहे!”

कारकोगलचा शेवटचा चढ चढत होते मी. म्हटलं, डोंगर काय याच्या बापाचा? वळून बघते तर खालून स्कीवरून एक उंच तरुण वर येत होता. नाक लाल, दाढीत बर्फ.

“पहाटे उठून खिंडीपासून पाडली ही वाट. हातमोजा पडला म्हणून बाजूच्या उतारावरून जरा खाली गेलो, तर तेवढ्यात...”

मी पायांखाली पाहिलं आणि जीभ चावली. त्याच्या स्कीची गुळगुळीत चाकोरी बर्फात रुतू नये म्हणून पायाला बांधलेल्या माझ्या रुंद बर्फजोड्यांनी पार चाळणी करून टाकली होती. आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ही चूक करत नाही. स्कीची वाट वेगळी, बर्फजोड्यांची वेगळी.

“चुकलं,” मी म्हटलं. “पण तो हातमोजा फांदीला मीच अडकवला होता हं.”

“आणि वाट मोडून त्याचा दाम वसूल केलास!”

मग मी बाजूनं माझी वाट पाडू लागले. गुडघाभर बर्फ, फूस-फूस श्वास... आणि शेजारून त्याची सळसळ. वाट मोकळी असूनही तो पुढे काही जात नव्हता.

“थकलास?”

“छे! राखण करतोय. पुन्हा शिरशील.”

त्याचं नाव कासियान, काम सुताराचं. मी बुर्गी, बेकरीतली. त्याचं गाव खिंडीच्या उत्तरेला, माझं दक्षिणेला. गाडीनं वळसा घालायचा तर अडीच तास. म्हणजे उतरताना खिंडीत ‘सांभाळून जा’ म्हणायचं, की संपलं. मला उगाच चढ संपू नये असं वाटायला लागलं... मला! जिला एरवी कधी एकदा वर पोचते असं होतं!

पण शिखर आलंच. तिथल्या क्रुसाजवळ आमच्याकडे हात मिळवायचा आणि दोन्ही गालांची पापी घ्यायची. रीतच आहे ती. मागल्या हिवाळ्यात सत्तरीच्या पोस्टमास्तरांनीही माझी पापी घेतली होती.

कासियाननंही रीत पाळली. डावा गाल, उजवा गाल. दाढीतला बर्फ माझ्या मानेवर सांडला.

आता ही रीत म्हणायची की आणखी काही? विचारणार कसं!

मी शहाजिरं घातलेला, राय या धान्याचा पाव काढला. “घे, वाटेची भरपाई.”

“तू भाजलास?” तो खातच राहिला. मग येणाऱ्यांनी नाव लिहावं म्हणून शिखरावर ठेवलेल्या वहीत त्यानं लिहिलं: ‘कासियान. वाट मोडली. पाव फार छान.’ त्याखाली मी माझं नाव लिहिलं, गावही लिहिलं, जरा ठळकच.

खिंडीत तो थांबला. मीही थांबले.

“तर मग...” तो म्हणाला.

“तर मग,” मी म्हटलं.

“सांभाळून जा.”

“तूही.”

बस्स? एवढंच? स्वतःवर चिडत मी दाणदाण पावलं टाकत उतरले. मूर्ख मुलगी! पोस्टमास्तरांशी घडाघडा बोलतेस, आणि इथे दातखीळ बसली!

पाच-दहा मिनिटं झाली असतील. मागून सळसळ आली... आणि कासियान थेट माझ्या पाऊलखुणांवरून स्की घसटत माझ्यासमोर येऊन थांबला.

“माझी वाट मोडलीस!” मी ओरडले.

“फिटंफाट.”

“तुझं गाव तिकडे आहे!”

“गाडीपण तिकडेच आहे.” तो धापा टाकत होता. “बसनं जाईन वळसा घालून. बुर्गी, वर पापी घेतली ना... ती नुसती डोंगराची रीत नव्हती. तू नुसती रीत समजली असतीस, तर मला रात्रभर झोप लागली नसती.”

मी मागे वळून शिखराकडे पाहिलं.

“इथे तर शिखर नाहीये, कासियान.”

“म्हणून तर इथे आलो.”

त्यानं हातमोजा काढला आणि माझी टोपी नीट केली. बाकीचं मीच केलं, टाचा उंचावून. गालावर मात्र नाही.

त्या पापीला शहाजिऱ्याचा वास होता.