बर्फाच्या कारखान्यातला हौद

गच्चीवर पोरं जमली होती. मध्ये मोबाइल ठेवलेला, आणि त्यातून एक बाई घोळवून घोळवून सांगत होती, की तीस वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या एका पोरीचं काय झालं असेल. बापाने मारलं, शेजाऱ्याने उचललं, की ती आपणहून पळाली. मोठी भाची म्हणाली, "बापच. शंभर टक्के." धाकटा पुतण्या म्हणाला, "शेजारी. पैज लाव."

घड्याळवाले काका कठड्याला टेकून बसले होते. ते म्हणाले, "बंद करा ते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंय कधी? नाही ना? त्याची चव कशी असते, ते सांगतो. माझ्या दुकानाला लागून ज्याचं दुकान होतं, त्याच्यावर गुदरलेलं आहे. मी पदरचं एक अक्षर घालणार नाही. पदरचं घातल्यावर काय होतं, तेच तर सांगायचंय."

मोबाइल बंद झाला. काकांनी सांगितलं ते असं.

गेल्या वर्षी तेरा नोव्हेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी सात वाजता बातमीदार पिशवी घेऊन दुकानातून निघाला. बातमीदार म्हणजे आमचा सलूनवाला. वर्तमानपत्राशी त्याचा संबंध एवढाच, की वस्तऱ्यावरचा फेस पुसायला तो त्याचे तुकडे वापरायचा. पण गावातली कुठलीही बातमी आधी त्याच्या खुर्चीत बसायची आणि मग बाहेर पडायची, म्हणून हे नाव. पिशवीत कात्री, कंगवा, मशीन, गळ्याला बांधायचं कापड. एक गुरुवार सोडून एक गुरुवार तो कंपाउंडरच्या घरी जायचा. म्हातारा कंपाउंडर सहा वर्षं अंथरुणाला खिळलेला, वाचा गेलेली. त्याचे केस कापायचे, दाढी करायची, चहा प्यायचा, परत यायचं. एक पैसा घ्यायचा नाही. लोक म्हणायचे, देवमाणूस आहे.

देवमाणूस! ऐका तर.

कंपाउंडरचा एकुलता एक मुलगा बत्तीस वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पंधरा वर्षांचा होता. शनिवारी संध्याकाळी आईने त्याला पिटाळलं, "जा, केस कापून ये. डोळ्यांवर आलेत." तो घरातून निघाला आणि परत आला नाही. एवढंच खरं. बाकीचं सगळं गावाने रचलं.

बाप तापट. गणितात नापास झाला म्हणून बापानेच डोक्यात काही घातलं आणि न्हाणीत पुरला, अशी पुडी कोणी तरी सोडून दिली. पोलिसांनी खरोखर न्हाणी खणली. काही निघालं नाही. पण फरशी परत बसवताना जुना रंग मिळाला नाही, म्हणून मधल्या सहा फरशा वेगळ्या बसल्या. चहावाल्याला पांढऱ्या शर्टातला एक परका माणूस दिसला होता म्हणे. दोन दिवस त्याच्या टपरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी म्हणालं, पोरं आडवाटेने जातात ती बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याच्या आवारातून, आणि तिथे मागे खोल हौद आहे, त्यावर कुजक्या फळ्या. हे मात्र पोलिसांना पटलं. चौथ्या दिवशी सकाळी पंप लावून हौद उपसायचा, असं ठरलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बातमीदाराच्या दुकानात सहा गिऱ्हाइकं बसली होती, आणि सहाही जण चहावाल्याचं कौतुक करत होते. पहिल्या दिवशी पोलिसांना बातमीदाराने खरं ते सांगितलं होतं. मुलगा दुकानात आलाच नाही. पण 'आला नाही' म्हणणाऱ्याला पुढचा प्रश्न कोण विचारतो? बातमीदार तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. कात्री चालवता चालवता त्याच्या तोंडून गेलं, "आता लपवून काय करू... आला होता तो. अर्धे केस कापून झाले आणि मला म्हणतो, दादा, शहराची शेवटची गाडी किती वाजता?"

सहा डोकी एकदम वळली.

त्याच रात्री जबाब झाला. तेव्हाही मागे फिरता आलं असतं. फिरला नाही. पंप आलाच नाही, शोध शहराकडे वळला, आणि आठ महिने दुकानात बाकावर जागा मिळत नव्हती.

आई मात्र त्या गाडीवर जगली. पोरगा गाडीत बसला म्हणजे कुठे तरी उतरला. उतरला म्हणजे आहे. बत्तीस वर्षं तिने दाराला कडी लावली नाही.

तर त्या गुरुवारी बातमीदार म्हाताऱ्याचे केस कापत होता. उशीचा कुबट वास, डोक्यात कोंड्याच्या खपल्या. श्वास रोखून कापायचं. काकू, म्हणजे त्या मुलाची आई, चहा घेऊन आली आणि तिने दर वेळचं विचारलं.

"सांग ना रे परत. काय म्हणाला तो?"

"म्हणाला, शेवटची गाडी किती वाजता."

"आणि?"

इथे तो दर खेपेला काही तरी नवं द्यायचा. रिकाम्या हाताने कसं यायचं? "आणि आरशात बघून हसला, काकू. म्हणाला, मागून बारीक कर, आईला तसं आवडतं."

काकूने डोळे पुसले आणि हसली. म्हातारा टक लावून बातमीदाराकडे बघत होता. त्याला बोलता येत नव्हतं, ऐकू मात्र सगळं यायचं.

"अरे, तो बिल्डरचा इंजिनिअर आला होता," काकू म्हणाली. "कारखान्याची जागा घेतली ना त्यांनी. भला पोरगा आहे. म्हणाला, आजी, लोक काहीबाही बोलतात, तर हौद बुजवायच्या आधी एकदा उपसून बघू का? एका दिवसाचं काम आहे. मी म्हटलं, नको रे बाबा. माझा मुलगा गाडीने गेलाय, केस कापणाऱ्याने स्वतःच्या कानांनी ऐकलंय. उद्या भरणार आहेत."

 बातमीदाराला एकच वाक्य बोलायचं होतं. चार शब्दांचं. कप खाली ठेवला, तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं,

"बरं केलंत, काकू."

न्हाणीत हात धुताना त्या सहा फरशा पायाखाली होत्या. तो त्यांच्यावर पाय न ठेवता उभा राहायला गेला, तर जागाच उरली नाही.

पावणेनऊला तो दुकानात परतला. टायरवाला आणि बँकेतला शिपाई वाट बघत बसले होते.

"काय बातमीदार, उद्या हौद भरतायत म्हणे! संपलं तुझं प्रकरण," टायरवाला म्हणाला.

"हौदात बेडूक असतील फार तर," शिपाई म्हणाला. "बापाचंच काम ते. उगीच वाचा जाते होय कोणाची?"

"अहो, न्हाणी खणली होती की."

"न्हाणी खणली. जिन्याखाली कोणी बघितलं?"

"छे! पोरगा मजेत असणार कुठे तरी. सत्तेचाळीस वर्षांचा झाला असेल. टक्कल पडलं असेल रे आता, तुझं गिऱ्हाईक गेलं!"

दोघं पोट धरून हसले. समोरच्या आरशात तीन तोंडं दिसत होती. उघडी, ओली, दातांत सुपारी अडकल्यासारखी वाकडी. मधलं तोंड बातमीदाराचं होतं. तेही हसत होतं, सवयीने.  टायरवाल्याच्या गालावरचा फेस तो पुसत होता, आणि आपण काहीतरी सडकं पुसतोय असं त्याला वाटलं. मग वाटलं, सडकं ते हातच.

दहाला गिऱ्हाइकं गेली. त्याने शटर अर्धं ओढलं, केर काढला आणि बाकावर बसून राहिला. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. सकाळी कारखान्यावर जायचं, असं त्याने ठरवलं. मग नको म्हटलं. आधी काकूकडे जायचं. मग तेही नको. ठरवता ठरवता अकरा चाळीस झाले. त्या भिंतीवरच्या घड्याळात मिनिटाचा फरक नव्हता, त्याची जबाबदारी माझी.

अकरा चाळीसला शटरखाली दोन पाय दिसले.

अनवाणी. ओले.

कोणी तरी वाकून आत आलं. मान खाली. सरळ खुर्चीत जाऊन बसलं.

"दुकान बंद झालंय," बातमीदार म्हणाला.

"आईने पाठवलंय."

बस. एवढंच.

बातमीदार उठला. का उठला, त्याला सांगता आलं नाही. चाळीस वर्षांची सवय, दुसरं काय. कापड झटकलं, गळ्याभोवती बांधलं. बोटांना मान लागली. गार... आणि मऊ. फार मऊ. जास्त पिकलेल्या फळासारखी. दाबलं तर बोट आत जाईल.

वास आला. फुलदाणीतलं पाणी आठ-दहा दिवस बदललं नाही की येतो तो. त्याखाली अजून एक.

आरशात केसच दिसत होते. चेहऱ्यावर आलेले, हनुवटीपर्यंत. त्याने कंगवा घातला. कंगव्याला हिरवट बुळबुळीत काही लागलं. त्याने ते कापडाला पुसलं. परत लागलं.

कात्री चालवली. केस पडले. जमिनीवर पडल्याचा आवाज ओल्या चिंधीसारखा.

पुन्हा कापले. पुन्हा तेवढेच.

तो कापत गेला.  केस कमी होत नव्हते.

"दादा..."

कात्री थांबली.

"अर्धे झाले?"

"...हो."

"आता मी काही तरी विचारतो ना?"

बातमीदाराने कंगवा परत कापडाला पुसला.

"काय विचारतो मी? सांगा ना, दादा. मला माहीत नाही."

आवाजात राग नव्हता. एखाद्याला पाठांतरातली ओळ आठवत नाही, तसा.

"मग मी हसतो ना? आरशात बघून?"

डोकं हळूहळू वर यायला लागलं.

"नको..."

केस बाजूला होत होते.

"नको रे... तू आलाच नव्हतास!" बातमीदार ओरडला. "आलाच नव्हतास तू! मी... मी खोटं..."

खुर्ची रिकामी.

कापड खुर्चीवर, गळ्याची गाठ तशीच बांधलेली. जमीन कोरडी. एक केस नाही.

तो मोरीवर वाकून ओकला. मग साबण, मग डेटॉल, मग तुरटी. कोपरापर्यंत हात घासले. वास जाईना. बाहेर मोठ्या गाड्या जायला लागल्या होत्या, एकामागून एक, आणि शटर थरथरत होतं. त्याने ऐकलं. मनावर घेतलं नाही. रात्री काकूला कशाला उठवायचं, असं तो स्वतःशी म्हणाला. दाराला कडी न लावणाऱ्या बाईला, बरं का! सकाळी उजाडल्यावर सांगू, म्हणाला.

सकाळी साडेसहाला तो कारखान्याच्या फाटकाशी पोचला. मोठ्या गाड्यांना दिवसा गावात बंदी असते. उद्या म्हणजे रात्री बारानंतर. पाच तासांत राडारोडा आणि वरून काँक्रीट, हौद काठोकाठ भरला होता. एक मजूर वरून फळी फिरवून गुळगुळीत करत होता.

तिथून तो काकूकडे गेला आणि दारातच सगळं बोलला. काकूने ऐकून घेतलं.

"म्हणजे गाडीचं त्याने विचारलं नाही?"

"नाही."

"आणि हसला, ते?"

"नाही, काकू."

"मागून बारीक कर, आईला आवडतं... ते तर त्याचं असेल?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

काकू आत गेली. म्हाताऱ्याच्या उशीवरचा टॉवेल आदल्या दिवशीच्या बारीक केसांसकट चिमटीत धरून बाहेर आली आणि त्याच्या पायांशी टाकला. "यांच्या डोक्याला परत हात लावायचा नाही," म्हणाली. आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आतून कडी लागल्याचा आवाज आला.

पोलीस ठाण्यात फौजदाराने विचारलं, "तेव्हा खोटं बोललास, की आता बोलतोयस?" बिल्डर म्हणाला, एका खोटारड्याच्या शब्दावर मी एवढं काँक्रीट फोडू? इंजिनिअर काही बोलला नाही, नोकरी होती. आणि गावाचं म्हणाल, तर गावाला नवा घास मिळाला. आठवड्याच्या आत सगळ्यांचं एकमत झालं, की पोराला सलूनवाल्यानेच मारलं. वस्तऱ्याने. टायरवाल्याला तर ते आधीपासूनच माहीत होतं.

दुकानात कोणी येईना. बातमीदाराने शटर ओढलं ते कायमचं. गेल्या मार्च महिन्यात, इमारतीचा तळमजला उभा राहिल्यावर, तो एकदा भल्या सकाळी तिथे गेला. हौदाच्या जागी गाड्या लावायची जागा झाली होती. एका कोपऱ्यात वितीएवढ्या जागेत सिमेंटमधून काहीतरी काळं वर आलं होतं.

वॉचमन खराटा घेऊन आला. परगावचा माणूस, त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"ते होय, मामा? ओल्या सिमेंटात ब्रश पडला असेल कोणाचा."

बातमीदार खाली बसला. बोटांत धरून पाहिलं. ब्रश आणि केस यातला फरक त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मऊ होते. कोवळे. आणि टोकं सगळी एका रेषेत, नीट.

"कोणी कापले हे?"

"मीच. साहेब ओरडतात म्हणून," वॉचमन म्हणाला. "ब्लेडने पार सिमेंटबरोबर करतो हो. ही तिसरी खेप."